फेकलेल्या भाजीचा मालक

सडलेल्या टमाट्यांचा वास नंतर येतो, आधी ते कोमट लागतात. ढिगात हात घातला की वरचे दोन थर गार असतात आणि मग एकदम बोटं कुणाच्या तरी ताप आलेल्या तोंडात गेल्यासारखी वाटतात. हे ज्ञान मी पगारी नोकरी असताना, घरात फ्रिज असताना, स्वतःच्या मर्जीने मिळवलं. मला कुणीही पाठवलं नव्हतं.

त्या वर्षांत अमरावतीत सकाळचा पेपर उघडणं जिवावर यायचं. पहिल्या पानावर खेड्यांतल्या आत्महत्यांच्या बातम्या आणि पान उलटलं की तेवढ्याच आकाराची नव्या शोरूमची जाहिरात. एकदा चांदूर बाजारहून एसटीने परत येत होतो. वाटेत गाडी हळू झाली. रस्ताभर टमाटे. कुणीतरी ट्रॅक्टरची ट्रॉली तिथेच रिकामी केली होती, कारण भाव इतका पडला होता की अमरावतीपर्यंतचं भाडंही निघालं नसतं. चाकांखाली लाल चिखल होत होता. माझ्या शेजारचा प्रवासी वाकून बघत म्हणाला, "ब्रेक लागत नाई जी याच्यावर." बस्स, एवढंच. घरी आलो तर टेबलावर टमाटा सॉसची बाटली. मी उभ्या उभ्या बायकोला अर्धा तास भाषण दिलं.

"मी काय केलं त्यात?" ती म्हणाली. "पोह्यांसोबत तुमीच मांगता ना."

खरं होतं. म्हणून जास्तच राग आला.

त्याच आठवड्यात एका रविवार पुरवणीत वाचलं की परदेशात फ्रीगन नावाची माणसं असतात. काही विकत घेत नाहीत, दुकानांनी फेकलेल्या अन्नावर जगतात आणि बाजाराला नकार देतात. मी पुरवणीची घडी घालून खिशात ठेवली. आपण उद्यापासून फ्रीगन. इथे सांगून टाकतो की मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. मागणी वाढली की काय होतं हे मी फळ्यावर आकृती काढून वीस वर्षं सांगत आलो होतो. तो धडा बाजारात जाताना मी वर्गातच ठेवून गेलो.

"तेल, मीठ, चहापत्ती मी आणीन," बायको म्हणाली. "बाकी तुमचं तुमी पाहा."

भाजीबाजारात पहाटे हर्रास, म्हणजे बोली, चालते. बोली संपली की व्यापारी माल निवडतात आणि दबका, फुटका, किडका माल गाळ्याच्या मागे फेकतात. त्याला छाट म्हणतात. मी पहिल्या दिवशी धुतलेला झब्बा घालून त्या ढिगात वाकलो तेव्हा गाळ्याचा मालक धावतच मागे आला. सत्तरीचा म्हातारा व्यापारी. त्याची मुलगी माझ्या वर्गात शिकून गेली होती.

"या अल्ला! सर, आप? पगार नहीं हुआ क्या?"

मी त्याला उपभोगवाद समजावून सांगितला. कोबीची साल हातात धरून दहा मिनिटं बोललो. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि आवाज उतरवून विचारलं, "मन्नत मानी है, सर? कोई बीमार है घर में?"

ढिगाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई गोणी घेऊन बसली होती. पन्नाशीची असेल. मागच्या वस्तीत तिच्या चार बकऱ्या होत्या. त्यांचं दूध आणि वर्षाकाठी विकलेली पिल्लं, यावर तिचं घर चालायचं. बकऱ्या छाटीवर जगत आणि छाटीतलं जरा बरं ते तिच्या हंडीत जाई. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की मी वाकलो की ती उठून बाजूला होते. मला वाटलं, लाजते बिचारी. मी आपला चांगली वांगी निवडत राहिलो.

घरातलं काय सांगू? ओट्यावर चिलटांचा थर. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी सोडली की काळा चिकट पाझर मनगटापर्यंत यायचा. फुलकोबीतून अळी निघाली की मी बायकोला म्हणायचो, "बघ, विषारी फवारा नाही याचा पुरावा." ती नाकावर पदर धरून दारातूनच बोलायची, "मंग अळीचीच भाजी करा." एकदा मी फसफसलेल्या टमाट्यांची चटणी केली. तोंडात जरा चुणचुणली. मी त्याला नैसर्गिक आंबटपणा म्हणालो. मग तीन दिवस मी घराच्या एकाच खोलीत राहिलो, जिथे बसायला पाट लागत नाही. वरून आणि खालून जे निघालं त्याचा रंग मला अजून आठवतो. बायकोने मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि बादल्या ओतल्या. कॉलेजात मी सांगितलं, "शरीरशुद्धी चालू होती."

ही थाप फार चालली. सडपातळ झालेला माणूस विचारवंत दिसतो. आमच्या कॉलनीच्या सभागृहात माझं व्याख्यान झालं, "न खरेदीचा आनंद". दुसऱ्याच आठवड्यात सात-आठ जण दोन गाड्या भरून पहाटे बाजारात हजर. एक निवृत्त इंजिनिअर, एक बँक मॅनेजर, एका डॉक्टरांची बायको, बाकी अशीच भरल्या घरची माणसं. हातात रबरी मोजे, खांद्याला कापडी पिशव्या. डॉक्टरीणबाईंनी पानकोबीचा गड्डा नाकाशी धरून विचारलं, "हे ऑरगॅनिकच असेल ना?" इंजिनिअरसाहेबांनी ढिगासोबत फोटो काढून घेतला. फोटोत ती बकरीवाली येत होती, तर तिला म्हणाले, "बाई, जरा सरकता का?"

ती सरकली. मीही तिथेच होतो. आनंदाने फुगलो होतो.

पंधरा दिवसांनी गेलो तर छाटीचे छोटे छोटे वाटे करून गोणपाटावर मांडलेले. वाटा पाच रुपये.

"चाचा, हे काय?" मी विचारलं.

"सर, आपही बोलो," म्हातारा व्यापारी अगदी गोंधळून म्हणाला. "गाडीवाले लोग सुबह सुबह आ के जे उचलते, ते कचरा कसा? कचरा असता तर ते उचलते का? इतने दिन हम पागल थे, फेंक रहे थे."

वीस वर्षं जे मुलांना समजलं नव्हतं ते त्याला पंधरा दिवसांत समजलं होतं. आणि गंमत अशी की माझ्या मंडळींनी वाटे घेतलेही. पाच रुपयांत क्रांती होत असेल तर कोण सोडतो?

त्याच सकाळी ती बाई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. गोणी रिकामीच होती, घडी घातलेली.

"काहून जी मास्तर, तुमच्या घरी बकऱ्या हायेत काय?"

"नाही."

"मंग खाते कोण इतकं?"

"आम्हीच खातो. मावशी, हा एक विचार आहे..."

"इचार माह्या बकऱ्या खात नाईत." ती आवाज चढवून बोलत नव्हती, हेच वाईट होतं. "आठ दिस झाले, झाडाचा पाला तोडून आणतो. एक गाभण हाये. येत्या बाजाराले तिले इकून टाकतो, दुसरं काय करू? तुमचं गाव कोन्तं?"

मी सांगितलं, अंजनगाव सुर्जीच्या बाजूला.

"वावर होतं?"

"होतं."

"कापूस निघाल्यावर सरवा कोण येचे तुमच्या वावरात?"

पीक काढून झालं की शेतात जे पडून राहतं, बोंडातला राहिलेला कापूस, गळालेली कणसं, तो सरवा. तो गावातल्या गरीब बायांचा. आमच्या घरी शिरस्ता होता की बाया सरवा वेचून जाईपर्यंत घरचं माणूस वावरात पाय टाकत नसे. लहानपणी मी एकदा खेळता खेळता चार बोंडं उचलून आणली, तर वडिलांनी मला हाताला धरून नेलं आणि ती त्या बायांच्या ओटीत टाकायला लावली. हा एवढा धडा मिळालेला माणूस बाजारात येऊन फ्रीगन झाला होता.

"मालकाचं पोट्टं सरवा येचाले बसलं, असं झालं हे," ती म्हणाली.

मी खिशातून पाकीट काढलं. मी म्हणालो, "मी सगळे वाटे विकत घेतो आणि तुम्हाला देतो."

"किती दिस? अन् तुमी घ्याले लागले की गाळेवाला भाई दहा रुपये करन." अर्थशास्त्र तिलाही येत होतं. "तुमीच त्याईले चव लावली ना? आता तुमीच त्याईची चव मोडा."

चव कशी मोडायची? माझी माणसं एव्हाना पेटलेली होती. येत्या रविवारी अकोल्याला माझं व्याख्यान ठरलं होतं. तिथल्या बाजारातही हेच सुरू करायचं, असा त्यांचा बेत. मंडळी आपल्या गाड्यांतून मला घेऊन निघाली. मी सोबत एक झाकणाचा डबा घेतला. बायकोने वास घेऊन विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "भाषणाचे मुद्दे."

अकोल्याच्या सभागृहात पंखे चालू होते, त्याचा उपयोग झाला. मी आधी सांगितलं की छाट कोणाची असते, सरवा कोणाचा असतो. लोकांनी माना डोलावल्या. कुणी वही काढून लिहूनही घेतलं, आणि बँक मॅनेजर म्हणाले, "छान संकल्पना. त्या बाईंनाही आपल्या गटात घेऊ." मग मी ओळखलं की शरम यांना लागू होणार नाही. डब्याचं झाकण काढलं.

आत चार दिवसांचे टमाटे, वांगं आणि सांभार एकजीव झाले होते. मी चमच्याने ढवळत माझी शरीरशुद्धी पहिल्यापासून सांगितली. लपवलेलं सगळं. चटणी चुणचुणली तिथपासून, तिसऱ्या दिवशी पायजमा का बदलावा लागला तिथपर्यंत. रंग, दाटपणा, आवाज. "आपण परवा नेलेला गड्डा," मी डॉक्टरीणबाईंकडे बघून म्हणालो, "मी आतून पाहिला होता. तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच." त्या रुमाल धरून बाहेर गेल्या. मागोमाग पहिली रांग. आयोजकांनी आभार मानले नाहीत, दारं उघडली. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "सर, परत जाताना आम्हाला दुसरीकडे जायचंय." मी एसटीने घरी आलो. डबा मांडीवर होता आणि शेजारची सीट मूर्तिजापूर येईपर्यंत रिकामी राहिली.

सोमवारी बाजारात एकही गाडी आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी गोणपाटावरचे वाटे सडून एकमेकांत वाहू लागले, तेव्हा म्हाताऱ्याने शिव्या देत सगळं पुन्हा मागे लोटलं. बकरी विकली गेली नव्हती, असं मला त्याच्याकडूनच कळलं. बाईने मला काही सांगितलं नाही. सांगावं असं मी काय केलं होतं?

त्यानंतर मी गाळ्याच्या समोरच्या बाजूने पैसे देऊन भाजी घेऊ लागलो. टमाटे मात्र अजून हातात धरवत नाहीत. पहिल्याच दिवशी जरा मऊ लागला की टाक बाजूला, डाग दिसला की टाक बाजूला, असं करत मी अर्धं टोपलं नाकारलं.

"सर, इतना मत छांटो," म्हातारा वैतागला. "धंदा बसेल माझा."

मागून, ढिगाच्या बाजूने, तिचा आवाज आला. "छाटू द्या जी भाई मास्तरले. तेवढंच एक काम येते त्याईले."