न दुखणारा पाय

सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. वाटूरच्या बाजारात कुणी भेटलं की त्यांची नजर थेट खाली जायची. टाचेच्या भेगा, बोटात रुतलेलं नख, झिजलेली चप्पल दिसली की म्हणायच्या, "ह्या पायावर माहूरला यायचं म्हणतीस?" आरोग्य केंद्रातून निवृत्त होऊन त्यांना पाच-सहा वर्षं झाली होती, तरी गावात त्या सिस्टरच होत्या.

दरवर्षी नवरात्राच्या आधी आमच्या भागातून तीसेक माणसं रेणुकामातेच्या दर्शनाला पायी जातात. नऊ दिवसांची वाट. निघण्याआधी प्रत्येकानं आपली पिशवी सिस्टरांच्या ओसरीवर आणून रिकामी करायची, हा त्यांचा नियम. मी शिलाईचं काम करते, त्यामुळे बऱ्याच पिशव्या माझ्याच हातच्या. सिस्टर लोणच्याची बरणी, चौथी साडी, कोऱ्या चपला बाहेर काढायच्या. "नवी चप्पल घालून दुसऱ्या दिवशी रडत बसायचंय का? जुनीच आण, शिवून आण." आत जायचे सुती मोज्यांचे दोन जोड, साबण, नेलकटर, ओआरएसच्या पुड्या, धुतलेली सुती फडकी आणि ओल्या कपड्यांसाठी वेगळी थैली. सोबत टेम्पो असायचा, पण त्यात फक्त शिधा आणि अंथरुणं. पिशवी ज्याची त्यानं वाहायची.

वाटेत बायका पाणी पीत नसत. आडोसा मिळत नाही, म्हणून दिवसभर तहान मारायची. माझ्या पहिल्या वर्षी एकीला लघवीची जळजळ होऊन असा ताप भरला, की तिला अर्ध्या वाटेतून परत पाठवावं लागलं. तेव्हापासून सिस्टर दोघींना साडी धरायला लावायच्या आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "तुम्ही पाणी प्या. आडोसा करायला मी हाये."

संध्याकाळी मुक्कामावर पोचलं की पायांची तपासणी. मी साबणाच्या पाण्याचं घमेलं धरायची. त्या एकेकाचा पाय मांडीवर घेऊन धुवायच्या, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. फोड फोडू द्यायच्या नाहीत. कुणी कण्हलं तर म्हणायच्या, "दुखून राह्यलं ना? मंग बरंय. न दुखणाऱ्या पायाचं मला भ्या वाटतं." त्यांना स्वतःला बारा वर्षांपासून साखरेचा आजार होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा पाय मात्र कुणी कधी तपासला नव्हता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातव्या दिवशी पहाटे, सगळे उठायच्या आत, मी हातपंपावर गेले तर सिस्टर पाठमोऱ्या बसल्या होत्या. एक मोजा काढून बाजूला ठेवला होता. त्याला वास येत होता. तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, रुपयाएवढा काळा डाग आणि भोवती लाल सूज.

"सिस्टर, हे काय झालं?"

"काटा गेल्ता. कळलंच न्हाई मला."

"दुखत नाही?"

"न्हाई," त्या म्हणाल्या, आणि मोजा चढवू लागल्या.

मी म्हटलं, टेम्पोत बसा, जवळच्या दवाखान्यात जाऊ. त्यांनी माझा हात धरला. "तीन दिवस राह्यलेत. मला माघारी धाडलं तर ह्या बाया पाणी पिणं सोडतील. माहूरपर्यंत कुणाला सांगू नको. शपथ हाये तुला."

मी सांगितलं नाही. त्या दिवशी त्या सगळ्यांच्या पुढं चालल्या. दुसऱ्या दिवशी मधोमध. तिसऱ्या दिवशी सगळ्यात मागं, आणि मी त्यांच्यासोबत. दुपारच्या उन्हात त्यांना हुडहुडी भरली होती. थांबलो की मोज्यावर माशा बसायच्या, त्या पदरानं हाकलायच्या. संध्याकाळी त्यांनी तरीही सगळ्यांचे पाय धुतले. घमेलं मी धरलं.

गडाच्या पायऱ्या त्या माझ्या खांद्यावर भार टाकून चढल्या. लोकांना वाटलं, वय झालं, दमल्या. दर्शन घेऊन खाली आल्या आणि टेम्पोत आडव्या झाल्या, त्या शुद्धीवर आल्या जालन्याच्या दवाखान्यात. तोवर गुडघ्याखालचा पाय काढला होता. विष वर सरकलेलं होतं.

मी भेटायला गेले, ती आमची शेवटची भेट. चेहरा पिवळा पडला होता, पण बोलणं स्वच्छ होतं. कोण कोण सुखरूप पोचलं, ते त्यांनी नावानिशी विचारलं. मग मी धीर करून म्हटलं, "मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

मला वाटलं, त्या म्हणतील, तुझा काय दोष.

"हो," त्या म्हणाल्या. "सांगायला पायजे होतं. पेशंटचं ऐकायचं असतं का, पोरी?"