हौसा ऊर्फ सुमन

केळीची इतकी नावं तोंडपाठ असलेला माणूस आमच्या घरमालकांशिवाय कोल्हापुरात दुसरा नसेल, आणि त्या नावांपायी इतक्या लोकांना वैताग आणलेला तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेली पानंफुलं कागदावर चिकटवून खाली नावाची चिठ्ठी लावायची, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. प्राध्यापक बदलत गेले, शास्त्रज्ञ नावं बदलत गेले, चिठ्ठ्या बदलणारा हात तेवढा यांचाच राहिला. सगळ्यात छळलं ते केळीच्या गोतावळ्यानं. एक तर ते पान कुठल्याच कागदात मावायचं नाही. त्यात सह्याद्रीच्या कड्यांवरची रानकेळ शास्त्रीय नावानं आधी 'मुसा' होती, तिची पुढे 'एन्सेटे' झाली. खायची केळ आणि भाजीची केळ जुन्या ग्रंथांत दोन वेगळ्या जाती होत्या, नंतर कळलं की दोन्ही संकरच. पण यांनी जुनी चिठ्ठी कधी फाडली नाही, नवी तिच्याशेजारी लावली. "जुनं नाव बी कुणीतरी मायेनंच ठेवलं असंल की," म्हणायचे.

आमच्या सत्यनारायणाला गुरुजींनी "चौरंगाला कर्दळीचे खांब बांधा" म्हटलं मात्र, हे खालून वर आले. "कर्दळ म्हंजे बागंतली, लाल फुलाची. ही केळ हाय. कदलीची कर्दळ कुणी केली?" पूजा अर्धा तास खोळंबली. गुरुजी हात जोडून म्हणाले, "मामा, देवाला कळतं हो." त्यावर हे म्हणाले, "देवाला कळतंय. ह्या पोरांस्नी कुठं कळतंय?" एका हॉटेलाच्या दारात पंख्यासारखं पसरलेलं झाड होतं. ते पामही नाही आणि केळही नाही, हे पटवून दिल्याशिवाय त्यांनी तिथल्या मॅनेजरला जेवू दिलं नाही.

हे सगळं न कंटाळता ऐकणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको, सुमनमावशी. मेथी निवडता निवडता ती दर दोन वाक्यांनी "व्हय" म्हणायची. ती गेली आणि खालचा मजला एकदम गप्प झाला. मग मामा मला जिन्यात गाठू लागले. मी घाईत असायचो. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा पाय रस्त्यावर असायचा, हे आज सांगतानाही बरं वाटत नाही.

घर मावशीच्या वडिलांनी लग्नाआधीच तिच्या नावानं घेतलेलं. ते मामांच्या नावावर करायचं तर खरेदीखतावर 'हौसा', माहेरच्या आडनावासकट, आणि मृत्यूच्या दाखल्यावर सासरची 'सुमन'. कचेरीतला कारकून म्हणाला, "मामा, ह्या दोन बायका हायत."

"एकच हाय ओ. नावं दोन. जे आधी ठेवलं ते खरं, मागनं ठेवलेलं नुसतं जोडीला. झाडांचा कायदाच हाय तसा."

"झाडांचा असंल. हितं साक्षीदार लागतोय, हौसा ती हीच म्हणून सांगणारा."

असा साक्षीदार सापडेना. माहेरची माणसं संपली होती. मुरगूडला मावशीची एक लहानपणची मैत्रीण उरली होती, तिच्याकडे आम्ही दोघं एसटीनं गेलो. म्हातारी अंगणात शेंगा फोडत बसली होती. "सुमन? कोण सुमन, पावणं?" मामांनी खिशातून फोटो काढला. तिनं तो डोळ्यांशी धरला आणि मोठ्यानं हसली. "ही व्हय! ही आमची हौसी! काय शिट्टी वाजवायची ओ, दोन बोटं तोंडात घालून. पार नदीपलीकडची गुरं माना वर करायची."

मामांनी विचारलं, "शिट्टी?"

"मग! तुमच्याकडं न्हाय वाजवली कधी?"

"न्हाय."

मामांनी तिला सगळं समजावून सांगितलं आणि पुढं तिच्या साक्षीवर कागद झाला, घर मामांच्या नावावर लागलं. पण त्या दिवशी परतताना स्टँडवर त्यांनी तो फोटो पुन्हा खिशातून काढला. मग म्हणाले, "लग्नात तांदळात सुमन लिवलं, ते मीच. तिला आवडलं का, हे इचारायचंच राहिलं बघा."

तेव्हापासून ते दर महिन्याला मुरगूडला जातात, कधी शेंगदाण्याची चिक्की घेऊन, कधी नुसतेच. आल्यावर मला जिन्यात थांबवून हौसाची एखादी नवी गोष्ट सांगायचे, आणि आता मीही पायरीवर बसून ऐकायचो. गेल्या खेपेला मात्र गोष्ट आली नाही. म्हातारीला आता माणूस ओळखू येत नाही म्हणाले. सुनेचं नावसुद्धा आठवत नाही, गोष्टी तर सगळ्याच गेल्या.

"मग आता कशाला जाता मामा, एवढ्या लांब?"

"बसतो जरा तिच्याजवळ," ते म्हणाले. "मधनंच दाराकडं बघून हाक मारती की, 'हौसे' म्हणून."