जून शेंगांच्या बिया

मी कोल्हापूरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते. काही वर्षांपूर्वीच्या महापुरात नदीकाठची कुटुंबं आमच्या शाळेत राहायला आली आणि त्यांच्या जेवणाखाण्याचं काम माझ्याकडे आलं. धान्य भरपूर होतं. पाण्याचे मात्र हाल. रस्ते बुडाल्यामुळे टँकर पलीकडेच अडकले होते आणि शाळेच्या विहिरीत नुसतं तांबडं, गढूळ पाणी. होती नव्हती ती तुरटी दोन दिवसांत संपली. उकळलेल्या पाण्यातही गाळ राहायचा; लहान मुलं तोंड फिरवायची.

शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशींचं घरही पुरात होतं. तुरटी संपल्यावर एका सकाळी त्या कुंपणाजवळच्या शेवग्याखालून ओटीभर वाळक्या शेंगा घेऊन आल्या. अशा जून शेंगा भाजीच्या कामाच्या नसतात. आम्ही दरवर्षी पाचोळ्याबरोबर जाळून टाकायचो.

"बाई, ह्येच्या बिया पाण्यात घालूया. माज्या म्हायेरला वड्याचं पाणी असंच निवळत हुतो."

"नको मावशी. एवढी माणसं आहेत. कुणाचं पोट बिघडलं तर?"

"मग आदी एका बादलीत बघू की. न्हाय जमलं तर दिऊ वतून."

त्यांनी बिया सोलल्या, आतला पांढरा गर पाट्यावर वाटला, थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळला. ते दुधाळ पाणी बादलीत ओतून त्या ढवळत बसल्या, आधी जोरात, मग अगदी सावकाश. दीडएक तासाने त्यांनी मला हाक मारली. गाळ सगळा खाली बसला होता आणि वरचं पाणी नितळ. मी बघतच राहिले. वर्षानुवर्षं फळ्यावर गढूळ पाणी निवळणं हेच तर शिकवत आले होते मी!

वरचं पाणी अलगद काढून आम्ही खळखळून उकळलं. गार झाल्यावर पहिला पेला मावशींनी घेतला, दुसरा मी. मग बायका, म्हातारी माणसं, सगळीच बिया सोलायला बसली. टँकर येईपर्यंत आम्ही तेच पाणी उकळून प्यायलो. कुणीही आजारी पडलं नाही.

पूर ओसरल्यावर मी मावशींच्या घरातला चिखल काढायला गेले. छातीपर्यंत भिंती ओल्या होत्या.

"तुमचं घर असं बुडालेलं, तरी तुम्ही आमच्या पाण्याची काळजी करत होता," मी म्हणाले. "आणि मी तुमचं ऐकायलाच तयार नव्हते."

"ऐकलंसा की शेवटी," म्हणत त्यांनी माझ्या हातात खोरं दिलं.

आता पाणी निवळण्याचा धडा आला की मुलांसमोर मावशी उभ्या राहतात. मी मागच्या बाकावर बसते.