भरताच्या वांग्याचं बी

आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली त्याच्या आसपासच आमच्या घरात दोन गोष्टी झाल्या. यांच्या कचेरीत हिंदी कागद येऊ लागले, आणि सासूबाईंनी भरताच्या वांग्याचं बी माझ्या हवाली केलं. पहिल्या गोष्टीनं यांची झोप उडाली, दुसरीनं माझी.

सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरामागं, विहिरीला लागून, सासूबाईंची भाजी होती. मेथी, गिलकी, वाल, मिरच्या आणि मानाचं म्हणजे भरताचं हिरवं वांगं. त्याचं बी त्यांनी लग्नात बहादरपूरहून, माहेराहून आणलं होतं. दरवर्षी सगळ्यात देखणं वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायच्या, बी काढून राखेत घोळवायच्या आणि चिंधीत गाठ मारून ठेवायच्या. झाडांना खाणं शेणखताचं, चुलीतल्या राखेचं आणि कुजलेल्या पाल्याचं. एकदा यांनी कौतुकानं सरकारी पांढरं खत आणलं. सासूबाईंनी चिमूटभर हातावर घेऊन हुंगलं आणि म्हणाल्या, "मीठ खाऊन कोणी पोसलंय का?" ते पुडकं पुढं वर्षभर कोपऱ्यात पडून होतं. आज माझी नात अशा भाजीला सेंद्रिय म्हणते. आम्ही नुसती भाजी म्हणायचो.

मला बागेचा कंटाळा होता, हे आता सांगायला हरकत नाही. माझा जीव गोधड्यांत. गल्लीत माग होते, तिथून काठाच्या चिंध्या मिळायच्या, आणि जुनी लुगडी घरात होतीच. सकाळी वाफ्यांना पाणी आणि निंदणी, दुपारी टाके, असा मी दिवस वाटून घेतला होता. पण निंदायला बसले तरी डोक्यात लाल तुकड्याशेजारी कुठला लावावा हेच घोळायचं, आणि एकदा मी तणाबरोबर कोथिंबीरही उपटली. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "हिचं आधं चित्त मेथीत अन् आधं चिंधीत." मेथीत तरी अर्धं आहे असं त्या धरून चालायच्या, हा त्यांचा मोठेपणा.

बी माझ्या हातात दिलं तेव्हा वन्सं, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, शेजारीच बसल्या होत्या. पहिल्या बाळंतपणाला त्या रावेरहून माहेरी आल्या होत्या. सासूबाई मला म्हणाल्या, "आता हे तुझं. गाठ मारून ठेव." वन्सं हसल्या आणि उठून आत गेल्या. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

गाठ मारणं मला गावंढळ वाटलं. शिवता येत असताना गाठ कशाला? सासूबाईंच्या विटक्या हिरव्या लुगड्याचा तुकडा घेऊन मी बारीक टाक्यांची तळहाताएवढी चपटी पिशवी शिवली. बी आत घातलं आणि तोंडही शिवून टाकलं. मग ती ठेवली चिंध्यांच्या टोपलीत. तिथं माझा हात रोज जायचा, म्हणजे विसर पडणार नाही, असा माझा हिशेब.

वन्संना मुलगा झाला. त्याच्यासाठी मी गोधडी शिवायला घेतली आणि महिनाभर बाग जवळजवळ सासूबाईंवर टाकली. खाली मऊ लुगडं, वर ठिगळांची चौकट आणि मध्ये चिंध्यांचे थर. आमच्याकडं गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी तिच्या पोटात चार दाणे टाकतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणे. मी ज्वारीचे चार दाणे टाकले आणि कोपरा बंद केला. वैशाखात वन्सं बाळ आणि गोधडी घेऊन रावेरला गेल्या.

जेठ महिन्यात सासूबाईंनी वाफा भुसभुशीत केला आणि म्हणाल्या, "आण बी." मी टोपली पालथी केली. पिशवी नव्हती. चिंध्यांचे थर लावताना ती चपटी पिशवीही मी थरात घालून शिवून टाकली होती! त्यांनी इतकी वर्षं सांभाळलेलं बी माझ्याकडं चार महिनेही टिकलं नव्हतं.

तेव्हा खरं बोलायची हिंमत झाली नाही. "उद्या टाकते," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून वांग्याचं बी आणून गुपचूप पेरलं. रोपं वर आली, मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण पंधरवड्यानं सासूबाई वाफ्याशी बसल्या, एका रोपाचा देठ बोटांत धरला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "हे माझं वांगं नाही. देठ जांभळा आहे याचा. सच सांग, पोरी."

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तशाच उठून घरात गेल्या, मातीचे हात धुवायचेही राहून गेले त्यांचे. संध्याकाळी यांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "रावेर म्हणजे मुंबई राज्य. परराज्यात गेलेल्या बियाला हिंदीत अर्ज करावा लागेल." कोणी हसलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "उद्या सकाळची गाडी."

गाडीत त्या खिडकीशी, मी समोर. बाळाच्या गोधडीत बी आता कुजलं असणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

वन्संनी दारातच आईचा हात धरला आणि पाणीसुद्धा न देता आम्हाला थेट मागच्या अंगणात नेलं. तिथं फुटक्या घमेल्यात वीतभर रोपं उभी होती. हिरव्या देठाची.

"आल्या आल्या गोधडी उन्हात टाकली, आई," वन्सं सांगू लागल्या, "तर हाताला काहीतरी लागलं. उसवलं, तर तुझं लुगडं. किती बारीक शिवलेलं! आणि आत बी." त्या घमेल्याशी बसल्या. "त्या दिवशी तू बी वहिनीला दिलंस ना, मला फार लागलं होतं गं. वाटलं, सून आली, लेकीचं संपलं. अन् तू तर गुपचूप माझ्या गोधडीच्या पोटात घालून दिलेलं."

मला खरं बोलावं की नाही कळेना. सासूबाईंनी एकवार माझ्याकडं पाहिलं, मग लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

"लेकीची गोधडी रिकाम्या पोटी कशी पाठवणार?" त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं हिला, नीट शिवून दे म्हणून."

वन्संनी निम्मी रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून आम्हाला दिली. परतीच्या गाडीत ती सासूबाईंच्या मांडीवर होती. गाडी हलली तशी त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोराचा. मी "आई गं" म्हणाले, आणि त्या हसायलाच लागल्या. मग मलाही हसू आवरेना.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "यंदापासून बी दोन ठिकाणी ठेवायचं. एक तुझं, एक तिचं." आणि रोपांवरचं फडकं सारखं करत पुढं म्हणाल्या, "अन् सूनबाई, गाठच मार."