नव्या घरात जुन्या चाव्या

इकडं छत्तीसगढात, पंडरीच्या कापडबाजारात माझी एक सवय सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी शेठ माझ्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकायला बसला, की मी उठते आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहते. त्याचं "हो गया दीदी" कानावर येईपर्यंत वळत नाही. सुरुवातीला लोक हसायचे. एका शेठनं तर विचारलंच, "दीदी, स्कूल में सज़ा मिली है क्या?" मी म्हटलं, हसा बापा, पण माल तुमचा, कुलूप तुमचं, मग चावी मी काहून पाहू? त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं, बायकोनं बहिणीला, आणि त्या बहिणीच्या नवऱ्याचं दुकान पुढच्याच महिन्यात माझ्याकडं आलं.

आता हे काम काय, ते सांगते. मी एका साडीच्या ठोक दुकानात बिलं लिहायची. आमचे हे रेल्वेत होते, ते लवकर गेले, आणि घर त्या बिलांवर चाललं. मग दुकानात कॉम्प्युटर आला. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून मी आपली आपणच शिकत गेले. मदतीचं पान इंग्रजीत असायचं, बाजूला शब्दकोश ठेवून एकेक ओळ फोडायची. हळूहळू बाजारातली दुसरी दुकानंही आपल्या मालाचा हिशेब माझ्याकडून करून घ्यायला लागली. डेटाबेस म्हणजे दुकानाचं गोदाम समजा, फक्त कपड्याऐवजी त्यात माहिती रचलेली: कोणती साडी, किती नग, कोणाकडं गेली. आणि घरी बसून त्या गोदामात शिरायचं तर कनेक्शन लागतं, म्हणजे गोदामाचा पत्ता आणि चावी. ज्या सॉफ्टवेअरमधून मी काम करते, त्याच्या डाव्या हाताला माझ्या सगळ्या दुकानांची कनेक्शनं एकाखाली एक मांडलेली असतात. पासवर्ड शेठनं एकदा टाकला की सॉफ्टवेअर तो आपल्या पोटात ठेवतं. मी पाहिलेला नसतो आणि कुठं लिहूनही ठेवलेला नसतो.

माझी सून इथल्याच छत्तीसगढी घरातली. मराठी तिला सगळी समजते, बोलते मात्र हिंदीत, आणि "हो" म्हणायचं तिथं मधूनच "हव" म्हणते. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या शेजारी बसून शिकत होती. हात माझ्यापेक्षा चपळ, आणि चुकली तर लपवत नाही. हे दुसरं मला जास्त आवडायचं. मागच्या वर्षी आम्ही गुढ़ियारीचं घर सोडून शंकर नगरच्या मागं राहायला आलो, तेव्हाच मी मनात ठरवलं होतं की आता काम हिच्या हाती द्यायचं.

पण बाजार असा हाती देत नाही. बाजार आधी पाहतो. मी म्हणायची, सून करते आता सगळं, तर शेठ लोक मान हलवायचे आणि फोन मलाच करायचे.

तर झालं असं, की आमच्या सगळ्यात मोठ्या दुकानानं आपला डेटाबेस नवा करून घेतला, आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जननं त्याच्याशी बोलणं बंद केलं. नवं व्हर्जन बसवणं भाग होतं. लग्नसराईचे दिवस. धमतरी-महासमुंदकडचे व्यापारी सकाळच्या बसनं येतात, त्यामुळं शटर उठायच्या आत शिल्लक मालाची यादी दुकानात पोचावी लागते. पहाटेच मी सुनेला म्हटलं, आज मी हात लावणार नाही, तूच कर. आणि स्वयंपाकघरात लाल भाजी निवडत बसले. कान अर्थात बाहेर.

थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"मम्मी, सब कनेक्शन चले गए."

मी भाजी तशीच ठेवून उठले. पाहते तर डावी बाजू कोरी. एकही दुकान नाही. नवं व्हर्जन पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, जुन्यातलं सामान आणू का? हिनं "नाही" दाबलं. वरून जुनं व्हर्जन काढूनही टाकलं, म्हणजे कसं स्वच्छ.

मी विचारलं, काहून नाही म्हटलंस वं पोरी?

"आप ही ने तो कहा था, नए घर में पुराना फडा नहीं ले जाते."

आम्ही बुद्धाची लेकरं, असल्या गोष्टी मानत नाही, असं मी विहारात दहा बायांपुढं सांगते. पण गुढ़ियारीतून निघताना मीच हिच्या हातातला जुना फडा, म्हणजे झाडू, काढून घेऊन दाराबाहेर ठेवला होता. माझ्या आईनं ठेवला होता, तिच्या आईनं ठेवला होता. पोरीनं ते मनापासून घेतलं आणि कॉम्प्युटरलाही लावलं. मला हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती.

कारण चाव्या कोणाकडंच नव्हत्या. म्हणजे शेठ लोकांकडं होत्या, पण मग एकेकाला फोन करून सांगावं लागलं असतं, शेठजी, परत येऊन पासवर्ड टाका. संध्याकाळपर्यंत पंडरीभर झालं असतं की दीदीच्या सुनेनं पहिल्याच दिवशी चाव्या हरवल्या. आणि एकदा तसं झालं की त्या बाजारात तिचं नाव पुन्हा उभं राहायला वर्षं जातात.

माझा हात फोनकडं गेला. म्हणणार होते, चूक माझ्या हातून झाली. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि पदराखाली ठेवला. म्हणाली, चूक मी केली तर फोनही मीच करीन, तुमचं नाव मध्ये येणार नाही. पण आधी जरा शोधू द्या.

मी बसले तिच्या बाजूला. सुचलं तेवढंच बोलले, "घर पाडलं तू, पण आतलं सामान कोणी काढलं होतं काय?"

तिनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "हव." आणि कामाला लागली.

सॉफ्टवेअर काढलं तरी त्यानं स्वतःसाठी ठेवलेलं एक फोल्डर कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात मागं राहतं, वरवर पाहिलं तर दिसत नाही असं. तिनं ते उघडं केलं. जुन्या व्हर्जनच्या नंबराचं फोल्डर तिथं होतं, आणि त्यात कनेक्शनांची फाइल. तिनं ती उचलून नव्यात ठेवली. डावी बाजू भरली! सगळी दुकानं परत आली. पण एकावर क्लिक केलं तर पासवर्ड मागितला. दुसऱ्यावर केलं, तिथंही तेच. पत्ते आले होते, चाव्या नव्हत्या आल्या.

मी तर हरले होते. ती मात्र नखं कुरतडत स्वतःशीच बोलत होती. मग मला समजावलं: चाव्या त्या फाइलीतच आहेत, पण गाठ जुन्यानं मारलेली आहे, नव्याला ती सुटत नाही. ज्यानं मारली त्यालाच बोलवावं लागेल. तिनं जुनं व्हर्जन परत उतरवलं आणि बसवलं. त्यानं उघडल्या उघडल्या आपलं फोल्डर ओळखलं. पहिल्या दुकानावर क्लिक केलं. उघडलं. काही न विचारता उघडलं. मी तिच्या पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच बसली.

आता फक्त न्यायचं राहिलं होतं. जुन्यातून सगळी कनेक्शनं एका फाइलीत बांधायची, ती नव्यात सोडायची. बांधताना सॉफ्टवेअर म्हणतं, या गाठोड्याला एक कुलूप लावा, आणि सोडताना तोच शब्द सांगा. बाजारातल्या सगळ्या गोदामांच्या चाव्या एका गाठोड्यात, आणि त्याला एक शब्द.

तिची बोटं थांबली. मला वाटलं अडली, म्हणून मी पुढं वाकले.

"मम्मी," ती हळूच म्हणाली, "ज़रा उधर देखिए ना."

क्षणभर मला कळलंच नाही. मग मी उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागं कीबोर्डच्या कळांचा आवाज होत होता. इतकी वर्षं मी लोकांसाठी अशी उभी राहिले, पण माझ्याच घरात, माझ्याच कॉम्प्युटरसमोर, माझ्याच सुनेनं मला उभं केलं. बरं केलं. डोळे भरले होते, ते भिंतीनंच पाहिले. शेठ लोकांनी मान हलवायची ती हलवोत, मला जे पाहायचं होतं ते मी भिंतीकडे पाहत पाहिलं.

"हो गया," ती म्हणाली.

मी वळले तेव्हा नव्या व्हर्जनमध्ये सगळी दुकानं उभी होती आणि मोठ्या दुकानाची यादी निघत होती. ते गाठोडं तिनं लगेच पुसून टाकलं, मी सांगायच्या आधी. यादी शटर उठायच्या आत पोचली. शेठचा फोन आला, माझ्याच फोनवर, काहीतरी रंगाचं विचारायला. मी म्हटलं, मले नाही माहीत शेठजी, तिला विचारा, चाव्या तिच्याकडं आहेत. आणि फोन तिच्या हाती दिला.

तो शब्द काय होता, मला आजही ठाऊक नाही. फक्त त्या कोऱ्या भिंतीवर दुसऱ्या दिवशी मी एक कॅलेंडर टांगलं. आता तिथं मलाच उभं राहायचं आहे, पाहायला काहीतरी पाहिजे.