रफिकभाई लाकूड ऐकत होते

वाळवीच्या धंद्यातले किस्से वाळवीसारखेच. झाडून टाका, चार दिवसांनी भिंतीवर मातीची रेघ पुन्हा चढलेली! आमच्याकडे तिला उधई म्हणतात. मंगरूळपीरपासून वाशीमपर्यंत लोकांच्या घरातली उधई मी अकरा वर्षं मारते आहे. नवरा गेला, ड्रिल मशीन राहिली, ती मी उचलली. शाळा चौथीपर्यंत. पण औषधाच्या डब्यावरचं प्रमाण वाचता येतं आणि तोंड चालवता येतं. धंद्याला तेवढं पुरतं.

सोबतीला रफिकभाई, साठीतले सुतार. मी भिंतीच्या बुडाशी फुटाफुटावर भोकं पाडायची, औषध सोडून सिमेंटनं बुजवायची. धूळ उडू नये म्हणून भाई ओलं पोतं धरून मशीनला खेटून बसायचे. मग लाकडाचं काम त्यांचं. चौकटीला कान लावायचा, बोटाच्या पेरानं ठोकायचं, पोकळ वाजलं की खडूनं फुली, भरीव वाजलं तर म्हणायचे, 'ठोस'. फुली असेल तिथं मी सुईनं औषध भरणार. फुली नाही तर औषध नाही. सगळा धंदा त्या एका कानावर.

*

वाशीमचे एक रिटायर गुरुजी. दार चकचकीत, पॉलिश ताजं. आम्हाला बाहेरच उभं करून म्हणाले, सागवानाला कधी उधई लागत नाही, तुम्ही फक्त स्वयंपाकघर बघा. भाईंनी जाता जाता दोनदा ठोकलं, अंगठा दाबला. अंगठा आत!

भाई शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पॉलिश तेवढं मजबूत हाय."

*

मंगरूळपीरच्या एका घरात देवघराच्या कोपऱ्यात हातभर वारूळ उठलेलं. सून रडकुंडीला आलेली, सासू रोज हळदीकुंकू वाहणारी. नागोबाचं घर मोडू देणार नाही म्हणाली. मी म्हटलं, "आजी, नागोबा येईन तवा येईन. छत आधी खाली येईन."

म्हातारी माझ्यावर धावूनच आली. भाईंनी मला मागं सारलं, खालून फावडं घालून वारूळ अख्खंच्या अख्खं घमेल्यात उचललं, डोक्यावर घेऊन ते अंगणातल्या लिंबाकडे निघाले. आजी खूश. साखर घेऊन त्यांच्यामागं गेली. तीन हाका मारल्या. भाईंनी वळून पाहिलं नाही.

मला वाटलं, घमेलं जड असेल.

*

मग एक चौकट पडली. घरमालकानं पडद्याची दांडी ओढली तर दांडीबरोबर वरचं लाकूडच हातात आलं, आतून पार माती. महिन्याभरापूर्वी भाईंनी तिथं फुली मारली नव्हती. मालक शिव्या द्यायला लागला. मी आजवर कोणाचं ऐकून घेतलेलं नाही, सख्ख्या दिराचंसुद्धा नाही. त्या दिवशी ऐकलं. म्हटलं, फुली होती, मीच सुई मारायची विसरली.

भाईंना काही बोलले नाही. एवढंच केलं की दुसऱ्या दिवसापासून एक खडू माझ्याही पदराला बांधला. ते पुढच्या खोलीत गेले की मी त्यांच्यामागून चौकटी ठोकायची. त्यांची सुटलेली फुली मी मारायची. दोन वर्षं हेच चाललं. लोक म्हणायचे, रफिकभाईसारखा कान जिल्ह्यात नाही. भाईंना ते ऐकायला यायचं, कारण लोक तोंडासमोर म्हणायचे.

*

सर्दीचं निमित्त करून त्यांना वाशीमला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासून झालं तसं डॉक्टरनं त्यांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, हे मोठ्या आवाजाच्या मशीनजवळ काम करतात का? म्हटलं, हो, माझ्याच. डॉक्टर म्हणाला, कानातली नस गेली, ती परत येत नाही. असलेलं टिकवायचं तर मशीन सोडा.

बाहेर आले. भाई बाकड्यावर टोपी हातात घेऊन बसलेले.

"काय म्हणे?"

"मळ हाय म्हणे. थेंब टाकायचे."

त्या दिवसापासून मशीन चालू असली की त्यांना दुसऱ्या खोलीत धाडायला लागले. त्यांनी विचारलं तर मी म्हणायचे, धुळीनं तुमचा खोकला वाढते. आणि भाईंची बायको जुबेदाभाभी सांगायची, मी आणून दिलेले थेंब मात्र पाचही नमाजांसारखे वेळेवर टाकतात. सहा महिने टाकले त्या माणसानं.

*

जऊळका गावचं एक घर. घरात पाहुणे, टीव्ही मोठ्यानं. भाईंनी हात वर केला. "चूप राहा जरा. लाकूड बोलून राह्यलं."

टीव्ही बंद झाला. लेकरंही गप्प बसली. भाईंनी चौकटीला कान लावला, डोळे मिटले, पेर उचललं. तेवढ्यात त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर कुकरची शिट्टी झाली. बाकी सगळे दचकले. भाईंची पापणी हलली नाही.

त्यांनी दोनदा ठोकलं. "ठोस," ते म्हणाले.

सगळं घर माझ्याकडे पाहायला लागलं. कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावले असते.

निघताना भाई त्याच चौकटीसमोर थांबले. तोवर मी तिथं फुली मारून सुईही भरली होती. स्टेशनवर गाडीची वाट पाहताना म्हणाले, "ते फुली माही नोयती."

"कोनती?" मी म्हटलं.

ते रुळांकडे पाहत बसले.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या बैठकीचं दार त्यांनीच आपल्या लग्नाच्या वेळी केलेलं, एका फळीचं सागवानी. मला उंबऱ्याबाहेर उभं केलं.

"शोभा, मी आतून कडी लावतो. कपाळ दाराले टेकवतो, हाडातून आवाज येते. तू भायेरून लाकडाले तोंड लावून बोल. जे खरं हाय ते."

"काहून भाई? समोर बोलते ना."

"समोर तू खोटं बोलतं."

दार लागलं. कडी पडली. जुबेदाभाभी अंगणात भांडी घासत होती, तिचे हात थांबले. मी दाराला ओठ लावले. लाकूड गार होतं. जोरानं बोलले नाही.

"भाई, कानात मळ नाही. माह्या मशीननं गेला तुमचा कान. अडीच वर्षं मी तुमच्या मागून ठोकून राह्यली."



आतून त्यांचं बोट दारावर वाजलं. वरच्या कोपऱ्यापासून, सावकाश, एकेक वीत खाली येत, पार उंबऱ्यापर्यंत.

"आता खरं बोलली. ठोस हाय," ते आतून म्हणाले.