आधी माप, मग हार

दामोदरनाना पहिल्यांदा आमच्या असोद्याच्या घरी आले, तेव्हा ओट्यावर सरकारी व्हीलचेअर उभी होती आणि तिच्यावर मी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले होते. नानांनी चपला काढल्या, खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "बहीण, ही खुर्ची कोणाची?"

"आमच्या यांची," मी म्हणाले.

"मग बिबड्यांना का बसवलं?"

आतून खाटेवरून यांचा आवाज आला, "बिबड्यांले बरोबर बसते नाना. मले नाही बसत."

नाना मोठ्याने हसले. यांच्या अपघातानंतर आमच्या घरात कोणी असे हसले नव्हते. येणारे हळहळून जात.

रावेरला केळीचा ट्रक भरताना हे वरून पडले आणि कमरेखालचे अंग गेले. पुढे जळगावच्या शिबिरात खुर्ची मिळाली. मंचावर हार घातला, फोटो काढला. खुर्ची मात्र यांच्या अंगाला फार रुंद होती. हे एका बाजूला कलायचे, मांडीखाली जखम व्हायची, आणि आमच्या दारातून ती बाहेरही निघायची नाही. म्हणून ती ओट्यावरच राहिली.

नाना तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन पिंप्राळ्याला राहत होते. मूळचे ते धुळ्याकडचे. त्यांच्या मोठ्या बहिणीला पोलिओ झालेला होता. उचलून नेणारे कोणी नव्हते म्हणून बहिणीला शाळा दिसली नाही. नाना स्वतः शिक्षक झाले, पण ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. शिबिरात वाटलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, हे ते घरोघर जाऊन पाहत होते.

त्या दुपारी ते यांच्या खाटेजवळ जमिनीवरच बसले. आनंदात असले की नाना आपल्या घरच्या बोलीत येतात. म्हणाले, "भाऊ, दिवसभर काय काय अडस, बठ्ठं सांगा. मी ऐकी ऱ्हायनू." आणि खरोखर ऐकत बसले. मध्ये बोलले नाहीत, घड्याळाकडे पाहिले नाही. यांनी आधी औषधांचे सांगितले, मग जखमांचे. खूप वेळाने म्हणाले, "नाना, मले फक्त स्टँडवरच्या पारावर बसायचं आहे. जळगावच्या गाड्या येतात, माणसं उतरतात, कापसाच्या भावावरून भांडतात. ते ऐकायचं आहे."

माझ्याजवळ हे कधी बोलले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते. पोटाला काय हवे, एवढेच विचारत आले होते.

नानांनी पिशवीतून शिंप्याची टेप काढली. कंबर, मांडी, गुडघ्यापासून टाच असे सगळे मोजले. मग आमच्या दाराची चौकट मोजली आणि पाराची पायरीही मोजून आले. त्यांच्या कामाची रीत अजून तीच आहे. शिबिराच्या आयोजकांना ते सांगतात, "आधी माप, मग हार." काहींना राग येतो. नाना रागाला उत्तर देत नाहीत, टेप पुढे करतात.

माप घेणे सोपे, त्यापुढचे अवघड. कार्यालयात सांगितले गेले की वरून जो माल येतो तोच वाटायचा. नाना तिथे भांडले नाहीत. ते आमच्या ग्रामसभेत आले. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी राखून ठेवलेला निधी असतो, हे मला त्या दिवशी कळले. आमच्याकडे तो मार्चमध्ये खर्च झाला होता. गावातल्या प्रत्येक दिव्यांगाला एकेक ब्लँकेट दिले होते. ज्याला दिसत नाही त्याला ब्लँकेट, जिला ऐकू येत नाही तिलाही ब्लँकेट.

सरपंच म्हणाले, "नाना, आम्ही भेदभाव नाही केला. सर्व्यांले सारखं देलं."

"सरपंच, गावाला चपला वाटाल तर सगळ्यांना एकाच मापाच्या वाटाल का?"

मागून कोणीतरी ओरडले, "सरपंचांच्या मापाच्या वाटा! एकेका चपलेत दोन दोन माणसं बसतील!"

सभा हसली, सरपंचही हसले. ते हसू ओसरायच्या आत नानांनी शासनाचा निर्णय वाचायला घेतला. हा पैसा कशावर खर्च करता येतो, ते एकेक ओळ सावकाश, वर्गात धडा वाचावा तसे वाचून दाखवले. त्या सभेत ठराव झाला की यापुढे आधी माणसाला विचारायचे आणि मग वस्तू घ्यायची. आमची खुर्ची धुळ्याला एका कारखान्यात नेऊन यांच्या मापाची करून घेतली. पाराला उतार झाला.

हे पारावर गेले त्या दिवशी मी घरीच थांबले. परत आले ते तोंडभर भांडण घेऊनच. कोण काय म्हणाला, कोण खोटे बोलला. स्वयंपाक होईपर्यंत सांगत होते. पुढे हे होते तोवर आमच्या घरात रोज संध्याकाळी स्टँडवरच्या बातम्या आल्या. ही नानांनी आमच्या घराला दिलेली वस्तू. खुर्ची सरकारची होती.

मग मूत्रपिंडाच्या आजाराने हे गेले. तेरावे झाल्यावर मी खुर्ची धुऊन पुसून ठेवली आणि नानांना निरोप दिला की न्या, कोणा गरजूला द्या, यांच्या नावाने दान होईल. गेलेल्या माणसाच्या वस्तू देऊन टाकायच्या, अशीच आमच्याकडची पद्धत. नाना आले आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"बहीण, हे भाऊंचं माप आहे. दुसऱ्याला जखमा करेल. आणि त्याला दान का द्यायचं? त्याची स्वतःची खुर्ची त्याला हक्काने मिळू दे."

मग पिशवीतली टेप काढून माझ्या हातात दिली. "उद्या रावेरला जायचं आहे. बाईमाणसांची मापं घ्यायला माझ्याबरोबर कोणी नाही."

मी चौथी शिकलेली. यांच्या उशाशी बसून वाचनालयातली पुस्तके वाचत गेले, तेवढेच माझे शिक्षण. नानांनी मला दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा वाचायला दिला आणि अडेल तिथे समजावला. सांत्वनाचे शब्द त्यांनी एकदाही काढले नाहीत. काम दिले. दुःख कमी झाले असे मी म्हणणार नाही, पण ते आता माझ्याबरोबर एसटीने हिंडते. खुर्ची अजून ओट्यावर आहे. तिच्यावर मी बिबडे घालत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. नानांना ऐकू येणे कमी झाले आहे. मागे रावेरला एक आई आपल्या मुलीबद्दल सांगत होती, अगदी हळू. नानांनी कानामागे हात धरला, पुन्हा विचारले, आणखी एकदा विचारले. ती बाई मोठ्याने बोलू शकली नाही. गप्प झाली. परतताना नाना एसटीत खिडकीबाहेर पाहत बसले होते.

मी म्हणाले, "कानाचं मशीन घ्या की. तुम्हीच किती जणांना मिळवून दिलं."

"आधी लेकरांचे कान होऊ दे, बहीण. म्हाताऱ्याला काय ऐकायचं आहे?"

 आज सर्वांसमोर उत्तर देते. नाना, जो जास्त केविलवाणा त्याला आधी, असे हक्काचे नसते, हे तुम्हीच मला शिकवलेत. लेकरांचे लेकरांना मिळेल, त्यासाठी आपण भांडूच. तुमचे तुम्ही घ्या.

नानांच्या पंचाहत्तरीच्या सत्कार समितीने मला विचारले की त्यांना काय द्यावे. मी सांगितले आहे की शाल-श्रीफळ संध्याकाळी, त्याआधी सकाळी कानाची तपासणी. वेळ ठरवून ठेवली आहे. रिक्षा पिंप्राळ्याला दारात येईल, आत मी असेन. आधी माप, मग हार.

नाना, तुम्हाला पुष्कळ आयुष्य मिळो, गुडघे चालते राहोत, डोळ्यांना टेपवरचे आकडे दिसत राहोत. आणि कान तर हवेतच. रावेरच्या त्या बाईकडे आपल्याला पुन्हा जायचे आहे. ती अजूनही हळूच बोलते.